तगारे वकिलांच्या नावाचं बक्षीस

“मग काय करू, सर? निबंध मागे घेऊ?”

नीलोफर बागवान उभीच होती. समोरची खुर्ची रिकामी असूनही बसली नव्हती.

तगारे वकिलांनी बशीतला चहा संपवला. धोतराच्या सोग्याने ओठ पुसले.

“मागे घे असं कोण म्हणतं?”

“निकम सर.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी... मी तुम्हाला विचारायला आले.”

“म्हणजे तू अजून काहीच म्हणत नाहीस.”

तगारे वकील ऐंशीला आले होते. कोर्टात जाणं सुटलं होतं, पण रविवारी सकाळी लॉ कॉलेजची पोरं त्यांच्या घरच्या ऑफिसात जमत. ते शिकवत नसत, भांडत. पोरगं जे म्हणेल त्याच्या उलट बाजू घेत आणि त्याला घाम फोडत. कुणी रडकुंडीला आलं, की आतून भडंगाची परात मागवत.

नीलोफर शेवटच्या वर्षाला होती. मंडईत ज्यांचा फळांचा गाळा आहे, त्या बागवानांची थोरली. तगाऱ्यांशी भांडून न रडलेली ती एकटीच, आणि हे ती कॉलेजात सगळ्यांना सांगत असे. निबंध स्पर्धांत तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नागपूरला पहिली, पुण्याला पहिली, कोल्हापूरला पहिली. घरी टीव्हीच्या वर करंडकांना जागा उरली नव्हती. तिची एक युक्ती होती. लिहायला बसण्याआधी ती परीक्षक कोण, ते शोधून काढी. त्या माणसाला काय ऐकायला आवडेल, ते ओळखी. मग तेच लिही, पण असं लिही, की त्याला वाटावं हे आपल्यालाच सुचलेलं आहे.

यंदा तगाऱ्यांच्या जुन्या शिष्यांनी त्यांच्या नावाने स्पर्धा सुरू केली. विषय होता घाटावरचा खटला.

तो खटला गावात सगळ्यांना पाठ होता. नदीच्या घाटावरची कुंभारवस्ती नगरपालिका उठवायला निघाली होती. तरुण तगारे वकील मध्ये पडले, कोर्टात उभे राहिले, तडजोडीचा हुकूमनामा करून घेतला. ज्याच्या नावावर घरपट्टी, त्याला पलीकडच्या माळावर पक्की जागा. वस्ती वाचली. तगारे मोठे झाले. लॉ कॉलेजच्या जिन्यात त्यांचा घाटावरचा फोटो लागला.

नीलोफर नेहमीसारखीच लिहायला बसली होती. परीक्षकाला काय आवडेल, हा प्रश्नच नव्हता: तगाऱ्यांचं कौतुक. पण दोन ओळी माहिती मिळवायला म्हणून ती माळावर गेली आणि तिथून पुलाखाली गेली. पुलाखाली पत्र्याच्या खोपटात तिला म्हातारी भामाबाई भेटली. खटल्याच्या वेळी भामाबाई घाटावर राहत होती, चाक चालवत होती, पण घरपट्टी होती दिराच्या नावावर. नवरा वारलेला. जागा दिराला मिळाली, आणि दिराने पहिल्याच पावसाळ्यात तिला बाहेर काढलं. तिच्यासारख्या आणखी होत्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली.

“वकील चांगला होता गं,” भामाबाई म्हणाली होती. “पर आमाला काय त्यानं इचारलं न्हाई.”

नीलोफर घरी आली, लिहिलेलं फाडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा परीक्षक कोण ते विसरून लिहीत गेली.

निबंध नाव झाकून बाहेरगावच्या परीक्षकांकडे गेले. तिचा पहिला आला. नाव उघडलं, मजकूर वाचला, आणि शिष्यांच्या समितीच्या पायाखालची जमीन सरकली. काल हेमंत निकमांचा फोन आला. निकम म्हणजे तगाऱ्यांचे पट्टशिष्य, समितीचे प्रमुख, गावातले सगळ्यात चालते वकील. सनद मिळाल्यावर नीलोफरला त्यांच्याच हाताखाली ज्युनिअर म्हणून जायचं होतं. तसं बोलणंही झालं होतं.

“तब्येतीचं कारण दे आणि मागे घे,” निकम म्हणाले होते. “सरांच्या नावाच्या बक्षिसात सरांचीच उलटतपासणी? शोभतं का?”

...

“आणलायस?” तगाऱ्यांनी विचारलं.

तिने पिशवीतून कागद काढून दिले.

ते वाचू लागले. सावकाश, बोट ओळीवरून फिरवत. नीलोफर त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. आठी नाही. काहीच नाही.

शेवटच्या पानावर बोट थांबलं.

“‘तत्कालीन परिस्थितीत वकिलांपुढे दुसरा मार्ग नसावा.’ हे वाक्य कुणी लिहिलं?”

“मीच.”

“कशाच्या आधारावर?”

“अंदाजाने.”

“पुरावा?”

“नाही, सर.”

“मग का लिहिलं?”

तिने मान खाली घातली. “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. शेवटी घातलं ते. पाठवायच्या आधी.”

“मी तुझा अशील आहे का?”

त्यांनी कागद टेबलावर ठेवले.

“बाकीची पानं भामाबाईसाठी लिहिलीस. हे एक वाक्य माझ्यासाठी. एका खटल्यात दोन्ही बाजूंचं वकीलपत्र घेतेस? उद्या सनद मिळाल्यावर असंच करणार?”

तिची कानशिलं तापली. इतर तीन गावांतले करंडक तिने कसे मिळवले होते, ते तिला या क्षणी नको इतकं स्पष्ट दिसलं.

“बस,” तगारे म्हणाले. या वेळी ती बसली. “आता मी सांगतो ते ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी पाडापाडी होणार होती. मी तडजोड केली नसती तर एक घर उरलं नसतं. तुझा निबंध इथे संपला.”

रविवारचा आवाज होता तो. घाम फोडणारा.

नीलोफरने श्वास घेतला.

“नाही संपला. पाडापाडी थांबवण्यापुरती तडजोड करता आली असती. जागा कुणाच्या नावे द्यायची, ते त्याच दिवशी ठरवायची काय गरज होती?”

“कोर्टाने ऐकलं नसतं.”

“तुम्ही म्हणून पाहिलं होतं?” तिचा आवाज चढला होता.

“आवाज खाली कर.”

“नाही करणार.”

“त्या माळावरची माणसं अजून दर दिवाळीला माझ्या दारात पणत्या आणून ठेवतात. माहीत आहे?”

“ज्यांना जागा मिळाली, ते ठेवतात.”

तगाऱ्यांचा हात खुर्चीच्या हातावर आपटला. आतून सूनबाई डोकावल्या आणि मागे सरल्या. नीलोफर जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण ती त्यांच्याकडेच बघत होती.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. निकम आत आले, वाकून सरांच्या पायाला हात लावला, आणि मग नीलोफरला पाहून थबकले.

“बरं झालं, इथेच आहेस. सर, तुमच्यापर्यंत हे यायलाच नको होतं. मी मिटवतो. असं करू. ही तो पुलाखालचा भाग काढेल, आपण हिला उत्तेजनार्थ देऊ. पोरीचं नुकसान नको, आणि आपलाही मान राहील.”

तगारे खिडकीबाहेर बघत होते.

“मला काय सांगतोस? निबंध तिचा आहे. तिला विचार.”

निकम वळले. “काय ठरवलंस?”

“काढते, सर,” नीलोफर म्हणाली.

“शहाणी आहेस.”

तिने टेबलावरचं पेन उचललं, शेवटचं पान पुढे ओढलं आणि एक वाक्य खोडलं. एकच. निकमांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अगं, एवढं एकच वाक्य सरांच्या बाजूने होतं!”

“हो. त्याला पुरावा नव्हता.”

“मग बक्षीस विसर.” निकमांनी पुढचंही बोलून टाकलं. “आणि माझं ऑफिसही.”

नीलोफरने तगाऱ्यांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील, निदान निकमांना थांबवतील, असं तिला वाटलं. ते खिडकीबाहेरच बघत राहिले.

“विसरले,” ती म्हणाली.

...

समारंभ कॉलेजच्या सभागृहात झाला. व्यासपीठावर मधोमध तगारे वकील, अंगावर नवी शाल, मांडीवर नारळ. पहिलं बक्षीस एका मुलाला मिळालं. त्याच्या निबंधात तगाऱ्यांना दीपस्तंभ म्हटलं होतं. टाळ्या झाल्या. शेवटी उत्तेजनार्थ म्हणून नीलोफरचं नाव पुकारलं. बाहेरगावच्या परीक्षकांनी काही विचारू नये म्हणून ते यादीत ठेवलं होतं; ती येणारच नाही आणि विषय संपेल, असा समितीचा हिशेब होता.

ती मागच्या रांगेत बसली होती. शेजारी अब्बा होते. गाळा बंद करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

ती वर गेली. निकमांनी करंडक पुढे केला. तिने हात मागे घेतले.

“हे नको, सर. मला निबंध वाचायचा आहे.”

“कार्यक्रमात तसं नाही,” निकम हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी माइकवर हात ठेवला.

“मग माइकशिवाय वाचते.”

सभागृहात कुजबुज उठली. कुणीतरी “खाली बसा” म्हणून ओरडलं. कुणीतरी म्हणालं, “फळवाल्याच्या पोरीला डोक्यावर कुणी बसवलं?” मागे अब्बा उभे राहिलेले तिला दिसले. तिने पहिलं पान वर धरलं.

तेव्हा तगारे वकील उठले.

निघाले, असंच सगळ्यांना वाटलं. निकम आधार द्यायला धावले. तगाऱ्यांनी त्यांचा हात बाजूला केला. मांडीवरचा नारळ खुर्चीत ठेवला. शाल काढून त्यावर ठेवली. मग एकेक पायरी चाचपत व्यासपीठावरून खाली उतरले आणि तिच्या समोर, मोकळ्या जागेत, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. हात पुढे बांधून.

कोर्टात ज्याच्यावर दावा असतो तो उभा राहतो, तसे.

कुणीतरी खुर्ची आणून दिली. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

सभागृह हळूहळू शांत झालं.

नीलोफरने वाचायला सुरुवात केली. पहिलं पान अडखळत. दुसऱ्या पानावर घाट आला, चाकं आली, भामाबाई आली, आणि तिचा आवाज मोकळा झाला. आपण कुणासमोर वाचतो आहोत, ते ती विसरली नाही. विसरायची गरजच उरली नव्हती. जिथे वकिलांचं नाव होतं, तिथे तिने ते त्यांच्या डोळ्यांत बघून उच्चारलं. ‘विचारलं नाही’ हे शब्द आले तेव्हा निकमांनी मान फिरवली. तगाऱ्यांनी नाही.

म्हातारा माणूस. सारखा एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते, ते तिला वरून दिसत होतं. एकदा तिला वाटलं, आटोपतं घ्यावं. तिने घेतलं नाही. एक ओळ गाळली नाही.

निबंध संपला.

टाळी वाजली नाही. निकमांनी माइकवरचा हात केव्हाच काढला होता.

तगाऱ्यांनी घसा साफ केला. कोर्टात वकील उठून बोलतात, त्या अदबीने किंचित झुकले.

“उत्तराला मुदत मिळेल?”

काहीजण हसले. हसू लगेच विरलं, कारण तगारे हसत नव्हते.

नीलोफरच्या हातात कागद होते. तिच्या सबंध शिक्षणात या माणसाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला असता. अब्बांनीही. निकमांनी कदाचित त्यांच्या ऑफिसचं दारही पुन्हा उघडलं असतं.

“नाही, सर,” ती म्हणाली. “मिळणार नाही. भामाबाईला मिळाली नव्हती.”

तगारे वकील सरळ उभे राहिले.

“मग निकाल दे.”