लोक्वेशस म्हणजे काय?

दहिवदकरांच्या केतकीला बघायला मुलगा आला, पण तोंड चालू होतं त्याच्या काकांचं. काका इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. जड शब्दांचे अर्थ विचारून त्यांनी पुतण्यासाठी पाहिलेल्या कितीतरी मुली नापास केल्या होत्या. पोहे गार झाले तरी परीक्षा चालूच.

"लोक्वेशस म्हणजे?"

"अखंड बडबड करणारा," केतकी म्हणाली.

"टॅसिटर्न?"

"अबोल."

"पाठांतर नको! वाक्यात उपयोग करा!"

"काका लोक्वेशस असल्यामुळे मुलगा टॅसिटर्न आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही."

काकांचा चमचा हवेतच राहिला. मुलगा आल्यापासून पहिल्यांदा बोलला, "काका, पोहे खा. मला मुलगी पसंत आहे."

"थांबा," केतकी म्हणाली. "तुमची परीक्षा अजून व्हायचीय."