सरपंचांच्या अंगणाचा ढाळ

एका गावात एक भोळा गवंडी होता. त्याचं नाव सखाहरी. एकदा शिकवलेलं तो कधी विसरत नसे, एवढाच त्याचा दोष.

गावचे सरपंच दौलतअण्णा. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ते मंत्रीसाहेबांच्या हातात होतं आणि साहेब पंधरा दिवसांनी अण्णांकडे चहाला येणार होते. गावच्या रस्त्याला खड्डे होते, पण साहेब काही रस्त्यावर बसून चहा पिणार नव्हते. म्हणून अण्णांनी बंगल्यापुढच्या बागेत दगडी अंगण करायला काढलं. काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे आणले आणि काम सखाहरीला दिलं, कारण तो उलट बोलत नसे.

सखाहरीने ठोकळे असे चिकटवून मांडले की मधे नखसुद्धा जाईना. सिमेंटचा माल भरायला जागाच उरली नाही. अण्णांनी पाय ठेवला, ठोकळा डुगडुगला आणि अण्णा गुलाबाच्या वाफ्यात पडले. काटे काढता काढता त्यांनी शिकवलं, की दगडादगडात बोटभर फट ठेवायची.

"बरं अण्णा. ध्यानात ठेवतो."

त्याने ठोकळे उचलून फट ठेवून मांडले. मग कोपऱ्यातला हौदही तसाच बांधला. त्यात पाणी आणि मासे सोडले, पाणी फटींतून वाहून गेलं. मासे बोक्याने खाल्ले. अण्णा म्हणाले, की फट दिसली की माल भरायचा, थापीने दाबायचा, विचारायला यायचं नाही.

"बरं अण्णा. ध्यानात ठेवतो."

त्याने हौदाच्या फटी भरल्या, अंगणाच्या भरल्या. फाटकाजवळ गावकऱ्यांची तक्रारपेटी होती, तिचीही फट भरली. त्याबद्दल अण्णा काही बोलले नाहीत. पण त्याने फाटकाखालची पाणी जायची फटही बुजवली होती. नव्या कामावर पाणी मारलं, ते घोट्यापर्यंत साचलं. साहेब यायला तीन दिवस उरले होते. अण्णा रडकुंडीला आले.

"अरे, अंगणाला फाटकाकडं ढाळ दे. आत येईल ते आपसूक बाहेर गेलं पाहिजे. मधे काही अडवायचं नाही."

"बरं अण्णा. ध्यानात ठेवतो."

तीन दिवस खपून सखाहरीने ढाळ दिला. हात आखडता घेतला नाही.

साहेब आले. त्यांच्यासाठी अण्णांनी ग्रामपंचायतीतली चाकांची गुबगुबीत खुर्ची आणवली होती. साहेब बसले, हार घातला, टाळ्या झाल्या. साहेब मागे रेलले आणि खुर्ची निघाली. आधी हळू, मग चांगलीच. अण्णा चहाचा कप घेऊन मागे धावले आणि सखाहरीला फाटक लावायला सांगू लागले.

पण सखाहरीला शिकवलेलं पाठ होतं. फाटकाचं एकच दार उघडं होतं, त्याने दुसरंही उघडलं.

खुर्ची थेट साहेबांच्या गाडीपाशी थांबली. साहेब हारासकट गाडीत बसले आणि धुरळा उडवत सगळ्या गाड्या निघून गेल्या.

अण्णा कप धरून फाटकात उभे राहिले. सखाहरीने अंगणावरून समाधानाने नजर फिरवली.

"ढाळ झकास जमला, अण्णा. आत काहीच राहिलं नाही."