ठिणगी, धागा आणि गिळोबा

आईच्या पोटात बाळ. बाळाच्या डोक्यात ठिणगी.

कोण ही ठिणगी? एक इवलीशी पेशी. मोहरीहून बारीक, रव्याच्या कणाहून बारीक. तिच्यापाशी होता एक धागा. मऊ मऊ, लांब लांब. धागा रोज थोडा वाढायचा. त्याला जायचं होतं पलीकडे, लुकलुकपाशी. लुकलुक ठिणगीची मैत्रीण. ती वाट बघत होती.

ठिणगीला 'चट्' करता यायचं. पण ती करायची नाही. शेजारच्या पेशी सांगायच्या, "हळू गं. गिळोबा ऐकेल."

गिळोबा कुणी पाहिला नव्हता. त्याला खूप हात, म्हणे. मोठं तोंड, म्हणे. येतो आणि गट्ट करतो, म्हणे.

एक दिवस काय झालं? धप्प. वरून ढीग पडला. जुन्या, सुकलेल्या पेशींचा ढीग. धागा गेला ढिगाखाली. ठिणगीने ओढला, येईना. पुन्हा ओढला, येईना. सुळ्ळकन हातातून सुटला. गेला.

पलीकडून बारीक आवाज आला. "ठिणगी, आहेस ना गं? मला भीती वाटते."

ठिणगीलाही भीती वाटत होती. पण ती म्हणाली, "आहे. धागा घेऊन येते."

ठिणगी गेली ढिगाकडे.

"ढीगआजोबा, ढीगआजोबा, उठा ना. धागा मिळेना."

ढीगआजोबा म्हणाले, "मी म्हातारा. नाही उठणार. गिळोबा गिळेल तर उठेन."

गिळोबाकडे जायचं? दुसरं कोण होतं? कुणीच नव्हतं.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, ठिणगी निघाली. काळोखातून गेली. लांब लांब गेली. लाल नदीच्या काठी कुणीतरी बसलं होतं. एक हात, दोन हात, किती तरी हात. ठिणगी लांबच थांबली.

"गिळोबा, गिळोबा, या ना. ढीग उठेना, धागा मिळेना."

"कोण बोलतंय?" गिळोबा म्हणाला.

ठिणगीने नाव सांगितलं नाही.

"ढीग का? गिळेन की. भूक लागलीय," गिळोबा म्हणाला. "आणि ढिगाशेजारी काय काय आहे?"

ठिणगीने तेही सांगितलं नाही.

गिळोबा म्हणाला, "एवढं लांब? नाही येणार. नदी नेईल तर येईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, ठिणगी गेली नदीकडे.

"नदीताई, नदीताई, गिळोबाला ने ना. गिळोबा येईना, ढीग उठेना, धागा मिळेना."

नदीताई म्हणाली, "मी चालते हळूहळू. नाही नेणार. हृदय ढकलेल तर नेईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, ठिणगी गेली हृदयाकडे. धक... धक... धक... हृदय अगदी हळू चाललं होतं.

"हृदयमामा, हृदयमामा, नदीला ढकला ना. नदी नेईना, गिळोबा येईना, ढीग उठेना, धागा मिळेना."

हृदयमामा म्हणाले, "मी दमलोय गं. नाही ढकलणार. आई जेवेल तर ढकलेन."

आई तर बाहेर. मध्ये भिंत. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, ठिणगी गेली भिंतीकडे. भिंतीला कान लावला. बाहेर कुणी बोलत होतं.

"केतकी, पेज निवतेय. दोन घास खा गं." ही होती बाळाची आत्या.

"नको वन्सं." ही होती आई. तिचा आवाज रडवेला होता. "सकाळपासून बाळ हललं नाही. मला काही सुचत नाही."

आत्याने पेजेची वाटी खाली ठेवली.

ठिणगी भिंतीला तोंड लावून म्हणाली, "आई, आई, जेव ना. हृदय ढकलेना, नदी नेईना, गिळोबा येईना, ढीग उठेना, धागा मिळेना."

पण इवल्याशा पेशीचं बोलणं आईला ऐकू कसं जाणार? आई आत्याला म्हणाली, "नाही जेवणार. बाळ पाय मारेल तर जेवेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, ठिणगी गेली पायाकडे. पाठीची लांब शिडी उतरली. खाली खाली गेली. तिथे बाळाचा पाय निजला होता. एवढासा पाय, त्याला पाच बोटं.

"पायदादा, पायदादा, उडी मार ना. आई जेवेना, हृदय ढकलेना, नदी नेईना, गिळोबा येईना, ढीग उठेना, धागा मिळेना."

पायदादा म्हणाला, "मी आपला आपण नाही उडणार. ठिणगी चट् करेल तर उडेन."

"ठिणगी मीच," ठिणगी म्हणाली.

"मग कर की."

चट् केलं तर सगळीकडे ऐकू जाणार. नदीकाठी ऐकू जाणार. गिळोबाला कळणार, ठिणगी कुठे आहे ते. तिला शेजारणी आठवल्या. हळू गं. हळू गं.

मग तिला आईचा आवाज आठवला. रडवेला आवाज.

ठिणगीने डोळे घट्ट मिटले.

चट्.

पाय उडाला. टुप.

बाहेर आई दचकली. पोटावर हात ठेवला. "वन्सं, हललं. इथे हात ठेवा. इथे."

टुप. टुप.

"जेव आता," आत्या म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

आई जेवली. सुर्र सुर्र पेज प्याली.
हृदयाने ढकललं. धकधक धकधक.
नदी वाहिली. खळखळ खळखळ.
नदीने गिळोबाला नेलं. डुबुक डुबुक.

गिळोबा आला ढिगापाशी. ठिणगी आधीच धावत परत आली होती. कोपऱ्यात लपली होती. गिळोबाने तोंड उघडलं. गट्ट. गट्ट. गट्ट. ढीगआजोबा म्हणाले, "चला, सुटलो बाबा." आणि ढीग उठला.

खाली धागा होता. चपटा झालेला, मुका, गप्प पडलेला.

पण गिळोबा थांबला नाही. त्याने एक हात धाग्यावर ठेवला. दुसरा हात ठेवला. धागा चाचपला. हलवून पाहिला. धागा गप्प. गिळोबाने तोंड उघडलं. मोठं. खूप मोठं.

शेजारणी कुजबुजल्या, "ठिणगी, हलू नकोस. तुलाही गिळेल."

पलीकडून लुकलुकचा आवाज आला. "ठिणगी, आहेस ना गं?"

ठिणगी कोपऱ्यातून बाहेर आली. तिने धाग्याचं टोक धरलं. अगदी गिळोबाच्या तोंडासमोर धरलं.

चट्.

धागा शहारला. गिळोबाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

चट्. चट्.

गिळोबाने तोंड मिटलं. "अगं, हा बोलतोय की," तो म्हणाला. "गप्प होता, म्हणून मला वाटलं सुकलाय."

"सुकला नाही. माझा आहे," ठिणगी म्हणाली.

"बोलता धागा मी गिळत नाही. सुकलेलं तेवढं गिळतो. नाहीतर तुम्ही सगळ्या वाढाल कुठे? जागाच उरायची नाही." मग तो जरा थांबून म्हणाला, "इथे सगळ्या एवढ्या गप्प का?"

शेजारणी एकमेकींच्या मागे लपल्या.

"तुम्ही गप्प बसलात, तर मला कळायचं कसं, कोण जिवंत आहे ते?" गिळोबा म्हणाला.

त्याने एका हाताने वाट झाडली. दुसऱ्या हाताने धागा हळूच पुढे सारला. धागा निघाला. सर सर, सर सर. पलीकडे गेला आणि लुकलुकच्या हाताला लागला.

आधी काहीच झालं नाही. ठिणगी वाट बघत राहिली.

मग पलीकडून आलं, चट्.

शेजारच्या पेशीने ते ऐकलं. तिने गिळोबाकडे पाहिलं. घाबरत घाबरत तीही म्हणाली, चट्. मग तिच्या शेजारची. मग तिच्याही शेजारची.

गिळोबा परत गेला नाही. तिथेच वाटेवर पाय पसरून चट् चट् ऐकत बसला. ठिणगीने धागा घट्ट धरला आणि ती पुन्हा म्हणाली, चट्.

गिळोबा राहिला वाटेवर, गोष्ट राहिली ओठांवर.