मागच्या चाकातला आवाज

एकदा एका जुन्या तीनचाकी गाडीच्या मागच्या चाकातून ‘टक्’ असा आवाज आला. इतका बारीक, की बाहेर एखादी कोंबडी ओरडली असती तरी तो बुडून गेला असता. गाडीचे इंजिन बंद होते. दोन माणसे तिला शेडमधल्या जमिनीवर हाताने मागे ओढत होती आणि पुढे लोटत होती. नुसती पुढे लोटताना काही नाही, नुसती मागे ओढतानाही काही नाही. पण ओढणे संपून लोटणे सुरू होई, त्या बेचक्यात एकदाच, टक्.

तो आवाज एकाच व्यक्तीला ऐकू आला, आणि तिच्या कानांवर कुणाचा फारसा भरवसा नव्हता. तिचा स्वतःचा तर मुळीच नव्हता.

तिचे नाव ऋजुता. यंत्रशास्त्राची पदविका तिने चांगल्या गुणांनी मिळवली होती. पण स्वभाव असा, की शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी हातातले भांडे खाली पडायचे. शिक्षण संपल्यावर ती एका कारखान्यात उमेदवारीला लागली होती. तिथे तिने चालू यंत्र काही वेळा घाबरून थांबवायला लावले, आणि दर वेळी यंत्र ठणठणीत निघाले. तिथले साहेब चांगले गृहस्थ होते. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला खुर्चीवर बसवून, चहा देऊन, अगदी मायेने सांगितले की बाळ, हे काम तुझ्या काळजाला झेपायचे नाही. रागावले असते तर ती कदाचित विसरली असती. तो मायेचा सूर मात्र तिच्या मनात रुतून बसला.

मग ती एका मास्तरांकडे आली. मास्तर तंत्रशाळेतून निवृत्त झालेले, वयोवृद्ध, कानांनी थोडे अधू. खाडीकाठी त्यांची पत्र्याची शेड होती. होड्यांची इंजिने, विहिरीवरचे पंप, जे येईल ते दुरुस्त करायचे आणि शिकायला येईल त्याला शिकवायचे, एवढाच त्यांचा व्यवहार. ऋजुताने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, “मास्तर, मी फार दचकते.” मास्तर म्हणाले होते, “दचक की. पाना मात्र पायावर पाडू नकोस.”

ती तीनचाकी गाडी शेडमध्ये आली तेव्हा तिला गाडी म्हणणेही धाडसाचे होते. पुढे एक चाक, मागे दोन, आणि तिन्ही टायर भोपळ्यासारखे फुगीर, वाळूत रुतू नयेत म्हणून. किनाऱ्याची मापे घ्यायला आलेल्या कुठल्याशा मंडळींनी ती आणली होती आणि काम संपल्यावर भंगारात काढली होती. गावातल्या सुक्या मासळीच्या एका व्यापाऱ्याने ती हौसेने विकत घेतली, आणि मग कितीतरी वर्षे ती त्याच्या गुदामामागे उभी राहिली. खाऱ्या वाऱ्याने तिचे लोखंड पापुद्र्या-पापुद्र्याने सुटले. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. कार्बोरेटरमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले.

तिची आठवण झाली ती दांड्यावरच्या वाडीमुळे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब दांडा समुद्रात शिरलेला होता आणि त्याच्या टोकाला ती वाडी. तिथून रस्त्यापर्यंत यायचे तर ओहोटीला पुळण, म्हणजे किनाऱ्याची ओली वाळू, तुडवत यायचे. भरती आली की पुळण पाण्याखाली. होडीने, मचव्याने यावे तर तोंडाशी लाटा फुटतात. वाडीत कुणी आजारी पडले, कुणी बाई अडली, की तिला बाजेवर घालून माणसे वाळूतून धावत, आणि पाणी त्यांच्या मागून धावे. त्या व्यापारी शेठने गाडी वाडीला देऊन टाकली. मास्तरांनी ती नव्याने उभी करायची, आणि चालवायची हिराजीने, असे ठरले.

हिराजी मास्तरांचा जुना शिष्य, त्या वाडीतलाच. हात सोन्याचा, जीभ तिखट. त्याची बायको सुगंधा त्या वेळी पोटुशी होती, आणि दिवस आता भरत आले होते. पहिल्या खेपेला तिला बाजेवरून आणताना भरतीने गाठले होते. त्या गोष्टीबद्दल हिराजी काही बोलत नसे. त्या खेपेचे मूल घरात नव्हते, एवढे ऋजुताला कळले होते.

तेव्हा काम मन लावून झाले. अडकून बसलेला पिस्टन तेलात भिजवून भिजवून सुटा केला. तडकलेली चौकट जोडली. मागची दोन्ही चाके एकाच जाड दांडीवर बसवलेली असतात. ती दांडी वाकली होती, ती तालुक्याच्या गावाहून सरळ करून आणली. मागे आडवे माणूस निजेल अशी फळी बसवली, तिच्यावर सुगंधाच्याच घरची गोधडी बांधली. इंजिनाने पहिल्यांदा श्वास घेतला त्या दिवशी ऋजुता दचकून ड्रमला धडकली, आणि हिराजी पोट धरून हसला.

गाडी हवाली करण्यापूर्वी मास्तरांची एक रीत होती. इंजिन बंद करायचे. शेडमध्ये कुणी बोलायचे नाही. यंत्र हाताने हलवायचे आणि मग प्रत्येकाने, काही खटकले का, ते सांगायचे. सांगायची सुरुवात सगळ्यांत नवख्याने करायची, शेवट मास्तरांनी. शेठने एकदा विचारले होते की हा उलटा क्रम कशासाठी. मास्तर म्हणाले होते, “मी आधी ‘ठीक आहे’ म्हटलं, की पुढे सगळ्यांचं ठीकच असतं.”

त्याप्रमाणे त्या दिवशी ऋजुताला आधी विचारले गेले, आणि तिने चाचरत सांगितले की मागून टक् असा आवाज आला. हिराजीला काही ऐकू आले नव्हते. शेठ नारळ घेऊन उभे होते, त्यांनाही नव्हते. मास्तरांना तर ऐकू येणेच शक्य नव्हते. तरी त्यांनी मान डोलावली आणि मागची चाके उतरवायला सांगितली. दोन्हीकडचे नट तपासले, घट्ट. दांडीचे दाते पाहिले, शाबूत. मास्तर तिला “बरं झालं सांगितलंस” म्हणाले आणि सगळे पुन्हा जोडायला घेतले. ओहोटीची वेळ टळून गेली. शेठ नारळ घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोच बेचका, तोच आवाज. तरी ऋजुताने सांगितले. पुन्हा चाके उतरली, या वेळी बेअरिंगसुद्धा बाहेर निघाली. काही नाही. मास्तर पुन्हा म्हणाले, बरं झालं सांगितलंस. हिराजीने पाना जरा जोरातच पेटीत टाकला.

“उद्या ही बाय शिंकली तरी गाडी खोलायची का, मास्तर?”

शेठ हसले. हिराजी हसला नाही. त्याची नजर दाराबाहेर होती, पाणी चढत होते तिकडे. ऋजुताने ती नजर पाहिली आणि तिला त्या कोटीपेक्षा ती नजर जास्त लागली. आपल्या भित्रेपणाची किंमत दुसरे कुणी भरते आहे, हे तिला इतके स्वच्छ कधी दिसले नव्हते. आणि मास्तरांच्या त्या ‘बरं झालं’मध्ये तिला कारखान्यातल्या साहेबांचा सूर ऐकू येऊ लागला. म्हातारा माणूस आहे, मन मोडू नये म्हणून खोलतो आहे.

तिसऱ्या दिवशी हिराजी सकाळीच दांड्यावरून आला. सुगंधाची पाठ रात्रभर दुखत होती, असे त्याने येता येताच सांगितले. गाडी हलवली. मागे, पुढे. टक्. ऋजुताने खाली पाहिले. मास्तरांनी विचारले, “काही खटकलं?”

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही.”

हिराजीच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले दिसले. त्याने आपलेही नाही म्हणून सांगितले, शेठनीही. आता मास्तरांचे ‘ठीक’ येणार, म्हणून शेठ नारळाची शेंडी सोलू लागले. मास्तर मात्र हातातले फडके घडी घालून बाजूला ठेवत म्हणाले, “गाडी अशी जायची नाही. खोला.”

हिराजी गाडीच्या आडवा उभा राहिला. त्याचे म्हणणे असे, की दोनदा हिने चूक आहे म्हटले तेव्हा तुम्हाला सगळे नीट सापडले, आणि आज ही स्वतः नीट आहे म्हणते तर तुम्हाला चूक दिसते. हा कुठला न्याय? घरी बायको कळा मोजते आहे. त्याचा आवाज शेवटी शेवटी फाटला.

मास्तरांनी त्याला बोलू दिले. मग ते गाडीच्या फळीवर टेकले, आणि हळू बोलले. म्हणाले, “हिराजी, भित्र्या माणसाला दहा आवाज येतात, त्यांतले नऊ खोटे असतात. मला दहावा हवा आहे. तो एकटा मिळत नाही रे. नवांच्या गर्दीतच येतो. दोनदा आपण खोललं आणि काही निघालं नाही. काय गेलं? हात काळे झाले, दोन ओहोट्या गेल्या. तुझ्या घरी त्या दोन ओहोट्यांचं वजन किती आहे, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर मी झोपलेलो नाही. पण आज हिनं गप्प बसायला सुरुवात केली. माणूस एकदा लाजून गप्प बसायला शिकला, की त्याचा दहावाही गेला. मला गाडीतलं काही ऐकू येत नाही. पण दोन दिवस जी पोर कापऱ्या आवाजात ‘आहे’ म्हणत होती, ती आज स्पष्ट आवाजात ‘नाही’ म्हणाली. ते मला ऐकू आलं.”

ऋजुताचे डोळे भरून आले. मास्तर तिच्याकडे वळले. “आणि तू? तुला बरं वाटावं म्हणून मी चाकं उतरवतो असं वाटलं ना? माझे गुडघे बघितलेस का? भिडेखातर मी चहासुद्धा उठून करत नाही.”

ती रडता रडता हसली. मग तिने सांगितले, की आवाज येतो आहे. निदान तिला येतो. तो आहे की नाही, हे तिला खरेच ठाऊक नाही.

“ते ठरवणं तुझं काम नाही,” मास्तर म्हणाले. “आलं की सांगणं, एवढंच तुझं. ठरवायला आम्ही सगळे आहोत.”

हिराजी गाडीसमोरून बाजूला झाला. चाके उतरली, या वेळीही काही दिसले नाही. तेव्हा मास्तर म्हणाले, की मोकळ्या गाडीत जे दिसत नाही ते भाराखाली दिसेल. ओहोटीला अजून अवकाश आहे. फळीवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती बांधा, आणि पाणी ओसरले की काठाकाठाने एक फेरी मारा. काही झाले नाही, तर हिराजीने तसेच पोती टाकून दांड्यावर जावे आणि सुगंधाला घेऊन यावे. हिराजीने एकदा दारातून समुद्राकडे पाहिले आणि पोती भरायला घेतली. ऋजुता पोत्यांची तोंडे धरायला पुढे झाली. त्याने तिला नको म्हटले नाही.

पाणी ओसरले. ओली पुळण आरशासारखी झाली. मास्तर आणि शेठ सुरूच्या झाडांखाली थांबले. ऋजुता पाण्याच्या रेषेपर्यंत गेली. हिराजीने किक मारली. गाडी निघाली, आणि काय डौलाने निघाली. फुगीर टायर वाळूवर नुसते टेकत होते. वळताना हिराजी अंग आतल्या बाजूला झोकून देई आणि गाडी त्याचे ऐके. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत त्याने दांड्याचा रोख धरला. वाडीचे माड तिथून दिसत होते.

तो तिच्या समोरून गेला, वाळूच्या एका वळीवर गाडी किंचित उडाली आणि टेकली, आणि ऋजुताला ते पुन्हा ऐकू आले. की दिसले? मागचे डावे चाक क्षणभर जणू इतरांच्या मागे राहिले. समुद्राचा आवाज होता, इंजिनाचा होता, तिच्या छातीचाही होता. मागच्या दोन दिवसांत तिने हे सांगण्यापूर्वी मनाशी कितीतरी वाद घातला होता: खात्री आहे का, हसतील का, ओहोटी जाईल का. या खेपेला तो वाद सुरू होण्याआधीच तिच्या तोंडून हाक गेली होती.

“हिराजीदादा, थांबा.”

गाडी पुढेच जात राहिली. तिने पुन्हा हाक मारली. वाऱ्याने ती उलटी तिच्याच तोंडावर आणून टाकली. ती धावू लागली. ओल्या वाळूत पाय घसरत होते, चपला कुठे राहिल्या कळले नाही, आणि समोर ती पाठ लहान होत चालली होती: आपल्या घराकडे निघालेल्या माणसाची पाठ. कशाला थांबेल तो? दोनदा थांबला होता बिचारा. आपण त्याच्या जागी असतो तर थांबलो असतो का? तिने हे सगळे धावता धावताच मनात आणले, आणि तरीही पोटातून, सगळा जीव गोळा करून, तिसऱ्यांदा हाक मारली.

इंजिन बंद झाले. पुळणीवर एकदम लाटांचाच आवाज उरला. गाडी थोडी घरंगळली आणि उभी राहिली. हिराजी सीटवरून उतरला, मागे वळला, आणि दोन्ही हातांचा कर्णा करून त्याने ओ दिली.

“थांबलो गं बाय! कुठल्या चाकात?”