आचार्य खेळायला बसले

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आचार्यांकडे गेला. तो त्यांचा जुना शिष्य. दर गुरुवारी त्यांच्या ओसरीवर बसून शांतिपाठ म्हणे आणि घरी जाऊन मुलीवर ओरडे. मुलगी केतकी अकरा वर्षांची. तिला मोबाइलवरच्या एका खेळाचे वेड होते. त्यात मुले आपापले गाव वसवीत, एकमेकांच्या गावी जात, गप्पाही मारीत. वृत्तपत्रांत नाही नाही ते वाचून व्यापाऱ्याने खेळाला बंदी घातली होती. तरी मुलगी आईच्या मोबाइलवर चोरून खेळते, अशी त्याला शंका होती. अलीकडे तर ती जेवणावरून अर्धवट उठे, झोपेत दचके. काय झाले म्हणून विचारले तर काही नाही म्हणे. आचार्यांनी तिला चार शब्द सांगावेत, एवढीच त्याची विनंती होती.

आचार्यांनी चार शब्द सांगितले नाहीत. व्यापाऱ्याकडून मोबाइल मागून घेतला, चष्मा पुसला, केतकीशेजारी मांडी घातली आणि म्हणाले, "मला शिकव."

त्या दिवशी पाठ राहिला बाजूला. पुढच्या गुरुवारीही तेच. आचार्यांनी केतकीच्या गावाशेजारी आपले गाव वसवले. ते गाव जळाले, गाई हरवल्या, एकदा तर ते स्वतःच्याच विहिरीत पडले, आणि केतकी हसून हसून लोळली. व्यापारी मांडीवर पोथी घेऊन तसाच बसून राहिला. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद मागायची कुणाकडे? पण गुरूंना बोलणार कोण!

एका गुरुवारी मात्र आचार्य खेळता खेळता थांबले. कोणा अनोळखी खेळाडूने त्यांना नाणी देऊ केली होती आणि शाळेचे नाव विचारले होते. आचार्यांनी उत्तर लिहायला बोट उचलले. भोळेपणाने की मुद्दाम, ते आचार्यच जाणोत. केतकीने त्यांचा हात घट्ट धरला.

"आजोबा, नका सांगू. हाच तो. आधी नाणी देतो, मग फोटो मागतो."

"तुझ्याकडे मागितला?"

तिने होकारार्थी मान हलवली. फोटो दिला नव्हता, पण शाळेचे नाव आणि आपण घरी चोरून खेळतो, हे सांगून बसली होती. आता तो म्हणत होता, फोटो पाठव, नाहीतर तू चोरून खेळतेस हे तुझ्या बाबांना सांगेन.

व्यापारी ताडकन उठला. आचार्यांनी नुसता हात वर केला, तसा तो खाली बसला. केतकीला पाणी प्यायला आत पाठवून ते हलक्या आवाजात बोलू लागले.

"त्या माणसाकडे दुसरे हत्यार नव्हते रे. तुझा राग तेवढा होता, तोच त्याने उचलला. खेळात पोरीला कोण भेटेल, हे सर्वस्वी तुझ्या हाती नाही. भेटल्यावर ती कुणाकडे धाव घेईल, हे आहे. बंधने घाल, घालायलाच हवीत. पण तिच्याशेजारी बसून घाल."

व्यापाऱ्याला रडू आले. केतकी बाहेर आली तेव्हा त्याने तिला जवळ घेतले आणि तुझी काही चूक नाही, असे सांगितले. मग तिघांनी मिळून त्या माणसाने पाठवलेला मजकूर जपून ठेवला, पोलिसांकडे तक्रार नोंदवली, शाळेला कळवले आणि खेळातल्या अनोळखी माणसांच्या गप्पा बंद केल्या. त्या रात्री केतकी पोटभर जेवली.

हल्ली व्यापाऱ्याचेही एक गाव आहे. रोज संध्याकाळी बापलेक तासभर खेळतात आणि बाप बहुधा हरतो. परवा दुकानात ऐन लग्नसराईची गर्दी होती. केतकी मोबाइल घेऊन थेट गल्ल्यापाशी आली.

"बाबा, कुणीतरी मैत्री करायची का विचारतंय. मी ओळखत नाही. बघता?"

व्यापाऱ्याने हातातला हंडा खाली ठेवला, गिऱ्हाइकांना जरा थांबायला सांगितले आणि लेकीला शेजारी बसायला जागा करून दिली.