राखून ठेवलेल्या शेंगा

एकदा एका डोंगरवाडीत एक शिष्य आपल्या गुरूंवर असा संतापला, की दिवसभर त्याने त्यांच्याशी अबोला धरला. कारण होते घेवड्याच्या शेंगांचे.

गुरू ऐंशीच्या घरातले. सारी वाडी त्यांना आबा म्हणे. शिष्याचे नाव भार्गव. चांगला शिकलेला, तडफदार आणि अन्याय दिसला की कानशिले तापणारा. आबांच्या अंगणात दत्ताची एक लहानशी देवळी होती आणि दत्तजयंतीला तिथे भंडारा होई. भंडाऱ्याची भाजी दरवर्षी खालच्या बाजारपेठेतला एक व्यापारी पाठवी. त्या बदल्यात पहिली पंगत त्याच्या पाहुण्यांची असे. दुसरी वाडीतल्या मानकऱ्यांची. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माणसे सर्वांत शेवटी बसत आणि भांड्याच्या तळाशी जे उरेल ते खात. देवाच्या दारात हे असे का, हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणालाच पडला नव्हता. भार्गवला पडला.

"शेटजी," तो भर पारावर म्हणाला, "यंदा गाडी पाठवू नका. भाजी आमच्या परसातली होईल आणि पंगत एकच बसेल. सगळ्यांची."

व्यापारी हसला. "बसवा की! पण भाजी कमी पडली तर गाडी माझी येणार आणि पंगतही माझ्याच रीतीने बसणार. कबूल?"

"कबूल!"

त्या दिवसापासून भार्गवने परसबागेच्या कामात स्वतःला गाडून घेतले. वाफ्यांमध्ये बुटकी फरसबी लावली. कुंपणाच्या कडेने घेवडा लावून त्याला बांबूचा मांडव केला. वेल मांडवावर चढले, तांबड्या फुलांनी लगडले, मधमाश्या घोंगावू लागल्या. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास कोवळ्या शेंगा अशा लोंबू लागल्या, की रस्त्याने जाणारा थबकून पाही. भंडाऱ्याला अजून महिना होता.

वाडीत जुनी रीत होती, की परसातले नवे पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडी लावायचे नाही. भार्गवने ती रीत आणखी ताणली. भंडाऱ्याचा नैवेद्य होईपर्यंत एका शेंगेलाही हात लावायचा नाही, असे त्याने ठरवले आणि मांडवाच्या खांबांना लाल दोरा गुंडाळून टाकला. रोज सकाळी तो शेंगांकडे पाही आणि त्याला त्यात एक लांबच लांब पंगत दिसे.

ओढ्यापलीकडची ठकूबाई एकदा कुंपणाशी थांबली. "दादा, ओंजळभर शेंगा द्या की. पोरीचा ताप उतरलाय, पण भाकरी नुसती घशाखाली जात नाही तिच्या."

भार्गवला वाईट वाटले. पण तो म्हणाला, "मावशी, भंडाऱ्याला पोटभर जेवा. तुमच्यासाठीच तर राखतोय हे सगळं."

"बरं," ठकूबाई म्हणाली, "तोवर पोटाला सांगून ठेवते, दत्तजयंतीपर्यंत दम धर म्हणून."

आबा ओसरीवर बसून हे ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी भार्गव ओढ्यावरून घागर घेऊन आला, तो लाल दोरा जमिनीवर पडलेला. मांडव मोकळा, फरसबीचे वाफे मोकळे. आबांनी एक शेंग देवळीत ठेवली होती, हात जोडले होते आणि आता भरलेली मोठी टोपली कमरेवर घेऊन ते ओढ्याकडे निघाले होते.

"आबा! हे काय केलंत?"

"तोडणी."

"अहो, भंडाऱ्याला महिना आहे! देवाचा नैवेद्य..."

"दाखवला की. देवाला एक शेंग पुरली. तो कुठे जास्त मागतोय?"

"आणि शेटजीला काय दाखवू मी? रिकामा मांडव?"

"कोपऱ्यातला एक वेल सोडलाय तुझ्यासाठी," आबा शांतपणे म्हणाले. "तो राख. तुझ्या मनाला येईल तसा राख. पण बाकीच्या वेलांची शेंग बोटाएवढी झाली की तोडायची आणि त्याच दिवशी वाटून टाकायची. एवढं माझं ऐक."

संध्याकाळपर्यंत त्या टोपलीतली एक शेंग उरली नाही. भार्गवचा अबोला त्या दिवशीचा.

बातमी खाली बाजारपेठेत पोचायला वेळ लागला नाही. व्यापारी मुद्दाम वर आला. रिकाम्या मांडवाखाली उभा राहून म्हणाला, "भार्गवराव, सावली मात्र छान पडते हो! गाडी किती वाजता पाठवू?"

भार्गव खाली मान घालून फरसबीला पाणी घालत राहिला. आपण साऱ्या वस्तीला तोंडघशी पाडले, असे त्याला वाटत होते. पण आबांचा शब्द मोडणे त्याच्या स्वभावात नव्हते. शेंग बोटाएवढी झाली की तो तोडी आणि चडफडत ओढा ओलांडी. पुढे पुढे वस्तीतल्या बायकाच तोडायला येऊ लागल्या. तोडता तोडता कुणी तण उपटी, कुणी सुटलेला वेल बांबूला बांधून जाई. ठकूबाई तर त्याला रागे भरू लागली, "दादा, पानाखाली बघा की! पाच-सहा शेंगा विसरलात. जून झाल्या तर बैलानं खायच्या का?"

आणि एके सकाळी भार्गव जागच्या जागी उभा राहिला. ज्या वेलांवरून इतक्या शेंगा गेल्या होत्या, ते पुन्हा तांबड्या फुलांनी डवरले होते. नवे फुटवे मांडवावरून खाली झुकले होते. आणि कोपऱ्यातला तो एक वेल, ज्याला कुणी स्पर्श केला नव्हता, त्याची पाने पिवळी पडली होती. शेंगा फुगून चामड्यासारख्या झाल्या होत्या. त्यावर एकही नवे फूल नव्हते.

"आबा," तो हाक मारत ओसरीवर आला, "याला काय झालं? मी तर याच्यावर सगळ्यांत जास्त माया केली."

आबा त्या वेलापाशी आले. एक जून शेंग त्यांनी उकलली. आतले बी टणक झाले होते. "वेल फुलतो तो बी धरण्यासाठी," ते म्हणाले. "शेंगेत बी पिकलं की त्याला वाटतं, आपलं काम संपलं. मग तो फुलायचा थांबतो. कोवळी शेंग खुडली, की तो पुन्हा कामाला लागतो. बाळा, तू शेंगा राखत नव्हतास. तू वेलाला सांगत होतास, की आता पुरे."

भार्गव पाटी उचलून तोडणीला लागला.

दत्तजयंतीच्या सकाळी मांडवाखाली पाटी भरली, दुसरी भरली, तिसरीही पुरेना. घेवडा आणि फरसबीचे ढीग अंगणात पडले. ते निवडायला कुणाला बोलवावे लागले नाही. महिनाभर ज्यांनी शेंगा तोडल्या, तीच माणसे विळ्या घेऊन उजाडताच हजर होती. मानकऱ्यांच्या बायका आधी ओसरीवरून नुसत्या पाहत राहिल्या, मग कामाचा तो धबडगा बघून एकेक करून खाली येऊन बसल्या. भाजीवर ओले खोबरे पडले आणि वास थेट उतारापर्यंत गेला.

दुपारी व्यापारी पाहुण्यांसह आला. मागे भरलेली गाडी होती. त्याने रटरटणारी पातेली पाहिली, मग अंगण पाहिले. देवळीपासून पार गोठ्यापर्यंत एकच पंगत मांडली होती. "आमची जागा?" त्याने विचारले.

"या की शेटजी," ठकूबाईने पदर खोचत सरकून जागा केली, "माझ्या पोरीशेजारी बसा. पण तिच्या पानातली भाजी उचलू नका, चावते ती!"

पंगतीत हशा उसळला. क्षणभर व्यापारी उभाच राहिला. मग पायताण काढून तो बसला. गाडी आली तशीच भरलेली परत गेली. दत्ताच्या नावाचा असा गजर झाला, की समोरच्या डोंगराने तो परत पाठवला.

भार्गव हातात भाजीचे पातेले घेऊन पंगतीतून धावत होता. अर्ध्यावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आले, की ही पंगत आज बसलीच नव्हती. आबा टोपली घेऊन ओढ्यापलीकडे गेले, त्या सकाळीच ती बसली होती. तो मात्र सारे चांगले एका मोठ्या दिवसासाठी राखून ठेवत होता. त्याने आबांकडे पाहिले. आबा मान खाली घालून निवांत जेवत होते.

आपल्या हातून जे चांगले व्हायचे आहे, ते कोवळे असतानाच देऊन टाकावे. सणाची वाट पाहू नये.