सशिणीचा वाटा

एका जंगलात कोल्ह्यांची एक वकिलीची पेढी होती. हसू नका मुलांनो, भांडणे काय फक्त माणसांतच होतात? पाणवठ्यावर आधी कोणी प्यायचे, मोहाखाली पडलेली फुले कोणाची, कोणी कोणाच्या हद्दीत शिंगे घासली, असे तंटे रोज हत्तीपुढे जात. हत्ती न्याय करी. पण त्याच्यासमोर उभे राहिले की भल्याभल्यांची बोबडी वळे, म्हणून आपल्या वतीने बोलणारा कोणीतरी लागे. आणि बोलण्यात कोल्ह्याचा हात कोण धरणार? एका मोठ्या खडकाच्या कपारीत ही पेढी भरत असे. वाघापासून तरसापर्यंत सगळे बडे अशील तिथेच येत. थोरले कोल्होबा पेढीचे मुख्य. त्यांना सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत. संध्याकाळी काम संपले की ते लहानमोठ्या प्रत्येकाला मांसाचा सारखा वाटा देत. तोच पगार. तो घेऊनच घरी जायचे, असा रिवाज होता. वाटा तिथे टाकून गेले, तर त्याचा अर्थ पेढी सोडली असा होई.

एकदा चितळांच्या कळपाचा कुरणावरून मोठा तंटा लागला. काम घसघशीत होते. जिंकून दिले तर कुरणातले उंदीर आणि तित्तिर कोल्ह्यांनी खुशाल खावेत, असे चितळ कबूल झाले होते. पण कळपातली एक जाणती मादी कपारीपाशी आली, आत डोकावली आणि दोन पावले मागे सरली.

“साहेब, इथे तर सगळे सुळेवालेच बसलेत,” ती म्हणाली. “गवत खाणाऱ्याचं दुखणं यांतल्या कोणाला कळणार? आमच्यातलं एखादं माणूस पेढीत घ्या, मग आमचं काम तुमचं.”

वकीलसाहेबांनी शेपटी झटकली. “एवढंच ना? उद्याच घेतो.” चितळ ठेवावे तर ते कपारीत मावेना. म्हणून सशाला घ्यायचे ठरले.

पेढीत माणूस घेण्याची त्यांची एक जुनी पद्धत होती. उमेदवाराने वकीलसाहेबांच्या समोर बसायचे आणि वकीलसाहेबांनी दात विचकून त्याच्याकडे टक लावून पाहायचे. जो जागचा हलणार नाही तो धीराचा, तो हत्तीपुढेही डगमगणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. कोल्ह्यांच्या पोरांना ही परीक्षा म्हणजे खेळ. घरी आजोबा रोज तसेच पाहतात! पण सशांची काय गत झाली असेल? एकामागून एक ससे आले, ते दात पाहिले आणि झुडपांत दिसेनासे झाले. शेवटी एक सशीण आली. ती समोर बसली. वकीलसाहेबांनी सुळे दाखवले. ती हलली नाही. ते गुरगुरले. ती हलली नाही. कान नाही, मिशी नाही, काही म्हणजे काही हलले नाही.

“वा! काय धीर आहे!” वकीलसाहेब म्हणाले आणि सगळ्या कोल्ह्यांनी माना डोलावल्या.

अहो, कसला धीर? ससा भ्याला की पळतो, पण फार भ्याला की जागच्या जागी दगड होतो. हे सशाचे पोरही सांगेल. तिची पाचावर धारण बसली होती. तिच्या छातीत काय चालले होते ते तिचे तिलाच ठाऊक. कोल्ह्यांच्या पेढीत सशांना विचारायची पद्धतच नव्हती, त्यामुळे त्यांना ते कळले नाही.

मग ती आली तरी कशाला, असे तुम्ही विचाराल. तिच्या मागच्या खेपेची पिल्ले एका कोल्ह्यानेच नेली होती. आता घाणेरीच्या जाळीत तिची नवी पिल्ले होती, मुठीएवढी, नुकते डोळे उघडलेली. आणि पेढीचा नियम होता की पेढीतल्या कोणाच्याही घरावर कोल्हा जाणार नाही. ज्याचे भय त्याच्याच दारात जाऊन बसले तर पिल्ले वाचतील, असे तिला वाटले. आईच ती. दुसरे काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून सशीण पेढीत बसू लागली. तिची जागा अगदी पुढे, बाहेरून येणाऱ्याला आधी दिसेल अशी. “तू फक्त इथे बस,” असे तिला सांगितले होते. मागे कोल्हे जांभई देत, तेव्हा दातांवर दात आपटल्याचा आवाज येई आणि तिच्या पाठीवरचे केस उभे राहत. चितळांच्या कामात कोणते गवत कधी वाढते, यावर कोल्ह्यांचा घोळ चालला होता. तिला ते पाठ होते. पण मागे वळून बोलायचे म्हणजे सगळ्यांचे तोंड पाहायचे. ती समोरच पाहत बसली.

संध्याकाळी वाटा मिळाला. तिच्यापुढे लालभडक मांसाचा तुकडा पडला. वकीलसाहेब सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “बघा! कोल्ह्याला जेवढा, तेवढाच सशाला. आपल्या पेढीत आपपरभाव नाही.”

एक तरुण कोल्हीण सशिणीशेजारी येऊन बसली. ती स्वभावाने बरी होती. “आवडलं ना गं?” तिने विचारले.

त्या मांसाला फर होती. पांढुरकी, मऊ, सशाच्या पोटावर असते तशी. सशिणीने नजर दुसरीकडे वळवली.

“हो ताई,” ती म्हणाली. “फार छान आहे.”

नाही म्हटले आणि पेढीतून काढले तर? पिल्लांच्या घरावरचा नियम उठला तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! तिने तो तुकडा दातांत धरला आणि ती निघाली. पेढी नजरेआड झाली तशी तिने तो नाल्यात टाकून दिला, तोंड मातीत घासले आणि घाबऱ्या घाबऱ्या घर गाठले. मग हे रोजचेच झाले. सकाळी भय, दुपारी भय, संध्याकाळी तोंडात मांस. इकडे चितळ खूश होते, कारण सशीण पुढे बसलेली त्यांना दिसत होती. कोल्हेही खूश होते, कारण चितळ खूश होते.

आता मुलांनो, एक गोष्ट नीट ऐका. सशाच्या पिल्लांची नखे नसल्यासारखी, दात नसल्यासारखे. पळताही येत नाही. त्यांच्याजवळ एकच शस्त्र असते. त्यांच्या अंगाला वास नसतो. कोल्हा किंवा मुंगूस अगदी जवळून गेले तरी त्यांना पिल्लांचा पत्ता लागत नाही. म्हणून आई दिवसातून एकदाच येते, पाजते आणि लगेच दूर निघून जाते. आपला वासदेखील पिल्लांना लागू नये, एवढी ती जपते.

आणि ही आई रोज तोंडात मांस धरून येत होती. तोंड तिने घासले होते, पण रक्ताचे थेंब छातीवरच्या केसांत मुरले होते. त्याच छातीखाली पिल्ले दूध पीत होती. हे तिच्या ध्यानात आले नाही. भीतीने माणसाचे डोके चालत नाही, मग सशाचे काय चालणार?

एके दिवशी उन्हे उतरताना ती पगाराचा तुकडा तोंडात धरून नाल्याशी आली आणि जागीच थबकली. आदल्या दिवशी टाकलेले मांस तिथे नव्हते. ओल्या मातीत रुंद, जड पावले उमटली होती. ती पावले नाल्यातून वर चढून थेट घाणेरीच्या जाळीकडे गेली होती.

तिने गवतातून मान वर काढली. जाळीपाशी एक तरस उभा होता. पाठ उतरती, मानेवरचे केस उभे. तो जमीन हुंगत होता, थांबत होता, पुन्हा हुंगत होता. त्याला घाई नव्हती. वाराही पडला होता. आत पिल्ले एकमेकांना चिकटून निपचित पडली असतील, कारण आईने त्यांना तेवढेच शिकवले होते. हलू नका, म्हणजे कोणाला कळणार नाही.

तोंडातला तुकडा तिथेच टाकून सशीण वळली आणि पेढीकडे धावत सुटली. पेढीत अजून इतके कोल्हे होते. सगळ्यांनी मिळून गलका केला असता, तर तरस हटला असता.

“साहेब, चला! तरस आलाय माझ्या पिल्लांपाशी!”

वकीलसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “कोण, तो नाल्यापलीकडचा? तो आपला जुना अशील आहे. आपल्या अशिलाच्या विरुद्ध आपल्याला उभं राहता येत नाही.”

“उभे राहू नका, नुसते ओरडा!”

“ते विरुद्ध ओरडणं झालं.”

“पण माझ्या घरावर कोणी जाणार नाही, असा नियम आहे ना पेढीचा?”

“कोल्हा जाणार नाही, असा आहे. तरसाबद्दल आपण काही म्हटलेलं नाही.” मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. “आणि तुझ्या अंगाला हा मांसाचा दर्प कसला? पगार खायचा असतो, अंगाला फासायचा नसतो.”

त्या क्षणी सशिणीचे भय कुठे गेले कोण जाणे. किंवा ते इतके वाढले की त्यात कोल्ह्यांचे भय मावेनासे झाले.

“मी ससा आहे!” ती किंचाळली. “ससा मांस खात नाही! ससा म्हणूनच घेतलंत ना मला?”

 कोल्हे एकमेकांकडे पाहू लागले. कोल्हिणीने खाली मान घातली.

“मग आधी सांगायचं होतंस,” वकीलसाहेब म्हणाले.

ते ऐकायला सशीण थांबली नव्हती. ती परत धावली. तरसाने जाळीत मान घातली होती. फांद्या मोडत होत्या. सशीण त्याच्या अगदी नाकासमोरून गेली, इतक्या जवळून की त्याचा ऊन श्वास तिच्या कानाला लागला. तिच्या अंगाला ताज्या मांसाचा वास होताच. तरसाने मान बाहेर काढली आणि तो तिच्या मागे लागला. ती काट्यांतून गेली, दगडांवरून गेली, आपण जिवंत आहोत की नाही हे तिला कळेनासे झाले. पार टेकडीपलीकडे त्याला हुलकावणी देऊन ती आडवाटेने परतली. तिने जाळीत डोके घातले. सगळी पिल्ले होती. एकही हलले नव्हते. तिने त्यांना एकेक करून मानेला धरून दुसऱ्या जाळीत नेले आणि मग ती रडली.

सशांनी आणि चितळांनी ही हकीकत ऐकली. चितळांनी आपले काम कोल्ह्यांकडून काढून घेतले. तेव्हा वकीलसाहेब स्वतः माळावर आले. दूर उभे राहून त्यांनी हाक दिली. “सशीणबाई, परत या! आम्ही नवा रिवाज केलाय. तुम्हाला पगारात हरळी देऊ. कोवळी, हवी तेवढी!”

गवतातून सशिणीचा आवाज आला. ती कुठे बसली आहे ते मात्र दिसत नव्हते.

“हरळी तर माळावरही आहे, साहेब. पण माझ्या पिल्लांच्या अंगाला आता वास येतो. तो कसा काढायचा, तेवढं सांगा.”

वकीलसाहेब जंगलातले सर्वांत मोठे बोलणारे होते. त्यांनी हरळीचीच गोष्ट पुन्हा काढली. ते उभे आहेत तोवर सशीण पिल्लांना घेऊन तिसऱ्या जाळीकडे निघालीसुद्धा होती.

तात्पर्य : सर्वांच्या पुढे एकच ताट ठेवणे म्हणजे सर्वांना सारखे वागवणे नव्हे, ज्याला आपल्यात बोलावले त्याला काय पचते हे आधी विचारावे, आणि जे आपल्याला पचत नाही ते भीतीपोटी ‘छान आहे’ म्हणून घेऊ नये.